कपाटाच्या दारामागची तेवीस ध्येयं

पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार.

मी डोंबिवलीत राहते, वय ४२. दादरला एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. घरी मिस्टर, आठवीतला मुलगा (१३) आणि सासूबाई (७४). माझे बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. आई (७१) संगमेश्वर तालुक्यात गावच्या घरी एकटीच असते. भाऊ पुण्याला.

जानेवारीत ऑफिसनं एक दिवसाचं ट्रेनिंग ठेवलं होतं, ‘आयुष्याचा आराखडा’. सर म्हणाले की अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १९५३ साली ज्या ३ टक्के मुलांनी ध्येयं लिहून ठेवली होती, ती वीस वर्षांनी बाकीच्या ९७ टक्क्यांपेक्षा श्रीमंत निघाली. मग आम्हाला चार्टपेपर दिले. मी ‘स्मार्ट’ पद्धतीनं २३ ध्येयं लिहिली. १२ किलो वजन कमी करणे, अस्खलित इंग्रजी, एलएलबी, गृहकर्ज ५ वर्षांत फेडणे, वर्षात ५२ पुस्तकं, पेटी शिकणे, रोज ध्यान, मुलाचं गणित पक्कं करणे, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, काश्मीर, रेसिपीचं यूट्यूब चॅनल, आईला जास्त वेळ देणे, सकारात्मक राहणे… चार्ट कपाटाच्या दाराला आतून लावलाय. आता दिवाळी झाली. २३ पैकी एकही पूर्ण नाही. रोज साडी काढताना तो दिसतो आणि मी नजर चुकवते. मिस्टर म्हणतात, “तू लिहिलंस ना, मग कर की.”

सकाळी सव्वापाचला उठते, पावणेआठला घर सोडते, रात्री आठला परत. जेवण, भांडी, उद्याची भाजी चिरून ठेवणं यात अकरा वाजतात. माझ्यातच चिकाटी नाही का? आराखडा करायचा तरी कसा?

– एक डोंबिवलीकर

उत्तर:

प्रिय डोंबिवलीकर,

आधी त्या येलच्या मुलांचा निकाल लावू. असा अभ्यास झालेलाच नाही. ही गोष्ट अनेक वर्षं व्याख्यानांतून आणि पुस्तकांतून फिरत होती. लोकांनी माग काढला तेव्हा खुद्द येलनंच सांगितलं की १९५३ च्या वर्गाचं असं कुठलंही सर्वेक्षण आमच्याकडे नाही. तेव्हा ते ३ टक्के तुम्हाला कपाटातून वाकुल्या दाखवत असतील तर त्यांना जाऊ द्या. ते जन्मालाच आले नव्हते.

‘स्मार्ट’ची गोष्ट मात्र खरी आहे, आणि तुमच्या कामाची आहे. १९८१ साली जॉर्ज डोरन नावाच्या माणसानं व्यवस्थापनाच्या एका मासिकात ‘SMART’ ही पाच इंग्रजी अक्षरं मांडली, प्रत्येक अक्षर म्हणजे उद्दिष्टाची एक कसोटी. कंपनीतल्या अधिकाऱ्यांना खात्याची उद्दिष्टं नीट लिहिता यावीत म्हणून. तुमच्या सरांनी त्यातल्या ‘ए’चा अर्थ काय सांगितला? बहुतेक ‘अचिव्हेबल’, म्हणजे साध्य होण्याजोगं. सगळे तेच सांगतात. डोरननं लिहिलं होतं ‘असाइनेबल’. हे काम कोण करणार, ते ठरवता आलं पाहिजे. फिरता फिरता ते अक्षर बदललं आणि नेमका हाच प्रश्न गळून पडला.

आता तुमची यादी मनातल्या मनात परत वाचा आणि प्रत्येक ओळीपुढे नाव लिहा. मुलाचं गणित: तुम्ही. सासूबाईंचा डोळा: तुम्ही. कर्ज: तुम्ही. वजन, ध्यान, काश्मीरची तिकिटं, सगळीकडे तुम्हीच. पाच माणसांच्या काळज्या एका बाईनं एका चार्टवर लिहिल्या आणि त्याला स्वतःची ध्येयं म्हटलं. “तू लिहिलंस ना, मग कर की” हे वाक्य त्यातूनच आलंय. केंद्र सरकारनं २०१९ साली लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याचं सर्वेक्षण केलं होतं. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती आणि पुरुषांची ९७. हे आकडे मिस्टरांना वाचून दाखवा. भांडायला म्हणून नाही. चहा पिता पिता, सहज.

मोतीबिंदूला ध्येय कशाला म्हणायचं? ती डॉक्टरांची तारीख आहे. ती घ्यायची मिस्टरांनी, आणि ऑपरेशननंतरचे डोळ्यात घालायचे थेंब सांभाळायचे घरातल्या सगळ्यांनी मिळून. गणितही बापाकडे द्या. त्यांना आठवीचं गणित येत नसेल तर क्लास शोधण्याचं काम त्यांचं. ‘सकारात्मक राहणे’ खोडून टाका. ते तुम्हाला कुणी लिहायला लावलं असणार, पत्र लिहिणारी बाई स्वतःहून असलं काही लिहिणार नाही असं मला वाटतं.

चिकाटीचा प्रश्न तुम्ही कळवळून विचारलाय म्हणून हिशेबानंच उत्तर देते. अकाउंट्सच्या बाईला हिशेबच पटेल. रोज अर्धा तास इंग्रजी म्हणजे आठवड्याला साडेतीन तास. वीस मिनिटं ध्यान, सव्वादोन तास. व्यायाम पाऊण तास, सहा दिवस, साडेचार. पेटीचा क्लास आणि रियाज धरून चार. आठवड्याला एक पुस्तक, मध्यम जाडीचं धरलं तरी सहा. चॅनलसाठी शूटिंग, काटछाट, चार तरी. मुलाचं गणित रोज तास, सात. एलएलबीचं कॉलेज आणि अभ्यास, पंधरा, आणि हे मी फार कमी धरतेय. बेरीज सेहेचाळीसच्या वर जाते, आणि अजून आठच ओळी झाल्यात. तुमच्या वेळापत्रकात तुमचे स्वतःचे म्हणावेत असे तास किती? रविवार दुपार आणि आठवड्यातली तुटकतुटक वीस-पंचवीस मिनिटं मिळून पाच सापडले तर डोक्यावरून पाणी. लोकलचा वेळ मी धरत नाही. लेडीज डब्यात एक हात हँडलला आणि एक पर्सवर असताना माणूस काय ध्यान करणार!

पाच तासांच्या खात्यावर सेहेचाळीस तासांचे चेक लिहिले की ते परत येणारच. तुमच्या ऑफिसात एखाद्या पार्टीनं असं केलं तर तुम्ही तिच्या स्वभावाचं विश्लेषण करत बसाल का?

तर आराखडा. तुम्ही विचारलंय कसा करायचा. मी जो करते तो सांगते. त्यात ध्येय हा शब्द सुरुवातीला येतच नाही. वहीचं एक पान घ्या, डावीकडे वर्षं लिहा आणि पुढे घरातल्या प्रत्येकाचं वय. तुमचं पान साधारण असं होईल: आज तुम्ही ४२, मुलगा १३, आई ७१, सासूबाई ७४. पाच वर्षांनी ४७, १८, ७६, ७९. दहा वर्षांनी ५२, २३, ८१, ८४. पंधरा वर्षांनी तुम्ही ५७, मुलगा २८, आणि आईच्या रकान्यात ८६. हे पान पाच मिनिटं नुसतं बघत बसा. दोन वर्षांत मुलाची दहावी येते, पाच वर्षांत तो कॉलेजात. साडी काढताना चार्ट बघून जे कळलं नाही ते इथे आपोआप कळतं. काश्मीर कुठे जात नाही. इंग्रजी ४७ व्या वर्षीही शिकता येतं. पेटी तर साठीतही. आईचा रकाना मात्र थांबणार नाही.

आणि तुमच्या पत्रात आई तेवीस ओळींच्या घोळक्यात, यूट्यूब चॅनलच्या शेजारी उभी आहे.

गृहकर्जाचं आधी आटपते, कारण त्याला फार विचार लागत नाही. आकडे तुम्ही दिले नाहीत म्हणून मी समजुतीसाठी धरते: २० लाख बाकी, १५ वर्षं, साडेआठ टक्के. हप्ता साधारण १९,७०० येतो. तेच ५ वर्षांत फेडायचं तर हप्ता ४१,००० च्या घरात जातो. ते तुमच्या घराला झेपणार नाही असं मी धरून चालते. पण दरमहा ५,००० जास्तीचे भरलेत तर १५ ऐवजी जवळपास १० वर्षांत कर्ज संपतं आणि व्याजात साडेपाच लाखांच्या वर वाचतात. वयाच्या पानावर बघा: ५७ ऐवजी ५२. नोकरी सुटायच्या आधी सहा-सात वर्षं मोकळी. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड रिझर्व्ह बँकेनं केव्हाच बंद केलाय. फक्त बँकेला स्पष्ट सांगा की हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. आपले खरे आकडे घालून बघा, तुम्हाला एक्सेल माझ्यापेक्षा चांगलं येतं. एकदा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन दिलं की दर महिन्याला मनाचा निग्रह वगैरे काही लागत नाही. चार्टवरून एक ओळ गेली.

आता एलएलबी. तुमच्या पत्रातली ही एकच ओळ मला खटकली. बाकीच्या यादीसारखी ती ट्रेनिंगच्या सरांची वाटत नाही. अकाउंट्सची बाई बेचाळिसाव्या वर्षी कायदा का शिकायला निघाली? वकिली करायची म्हणून असेल तर आधी दारात जाऊन चौकशी करा. पदवीनंतरचा तीन वर्षांचा कोर्स, त्याआधी राज्याची सीईटी. वय आड येणार नाही. पण बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे ७० टक्के हजेरी लागते, घरबसल्या केलेल्या पदवीवर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळत नाही, आणि सनद मिळाली तरी पूर्णवेळ पगारी नोकरी सांभाळून वकिली करता येत नाही. म्हणजे ही ओळ ‘नोकरी सोडणे’ या वेगळ्याच ओळीला बांधलेली आहे, आणि ती चार्टवर नाही. कुठलंही मोठं ध्येय लिहायच्या आधी ते आत घ्यायला काय काय मागतं हे बघायला एक दुपार पुरते. बहुतेक जण ती दुपार टाळतात, कारण स्वप्न तोवर सुखाचं असतं.

पण मला वाटतं तुम्हाला वकील व्हायचंच नाहीये. मी अंदाज करते, चुकला तर कळवा. बाबा जाऊन तीन वर्षं झाली असं तुम्ही लिहिलंत आणि पुढे त्याबद्दल अक्षर नाही. कोकणातलं घर, थोडं भातखाचर, चार कलमं, सातबाऱ्यावर आजोबांच्या काळापासूनची सामाईक नावं, बाबांचं नाव अजून तसंच, काका म्हणतात घाई काय आहे, भाऊ म्हणतो बघू. आई फोनवर दर वेळी एकदा तरी विषय काढते. आणि तुम्हाला यातलं काही कळत नाही याची लाज वाटते. असं असेल तर त्याला तीन वर्षांची पदवी लागत नाही. तीन महिने लागतात, आणि थोडा धीर.

असंच आहे असं धरून पुढे लिहिते, कारण माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत कोकणातल्या माहेरवाशिणींची ही तक्रार नेहमीची आहे. मी वकील नाही, पण माझ्या माहेरची नोंद मीच करून घेतली. तेव्हा इतकं सांगू शकते. बाबांच्या नावे जे आहे त्याला वारस लावायचे म्हणजे मृत्यूचा दाखला, वारसांची नावं-पत्ते आणि प्रतिज्ञापत्र जोडून तलाठ्याकडे अर्ज. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात अजून तलाठीच म्हणतात. अर्ज ई-हक्क पोर्टलवरूनही करता येतो. महसूल कायद्याप्रमाणे ही खबर तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, पण उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. आधी वारस नोंदवहीत नोंद होते, मग फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोंद) पडतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, आणि कुणी हरकत घेतली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. नावं लागतील ती आई, भाऊ आणि तुम्ही अशी तिघांची. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीनं देशभर आला. महाराष्ट्रात त्याआधी, १९९४ मध्येच, तसा कायदा झाला होता, पण तोवर लग्न झालेल्या मुलींना तो लागू नव्हता. वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे, तेव्हा काकांना घाबरायचं कारण नाही आणि त्यांनाही तुम्हाला घाबरायचं नाही. ‘तुला काय करायचंय जमीन, हक्कसोडावर सही कर’ असं कुणी प्रेमानं म्हणालं तर त्या दिवशी सही करू नका. चहा प्या आणि म्हणा, वाचते आणि सांगते.

हे मी इतकं सविस्तर का लिहितेय? कारण ध्येय लिहायचं म्हणजे काय हे दाखवायला याच्याइतकं चांगलं उदाहरण तुमच्या यादीत दुसरं नाही. ‘सातबाऱ्यावर नाव लावणे’ असं लिहिलंत तर ते मंडळ अधिकाऱ्याच्या टेबलावर अडकेल आणि तुम्ही परत स्वतःला दोष द्याल. तुमच्या हातात अर्ज आहे, मंजुरी नाही. म्हणून असं लिहा: डिसेंबर संपायच्या आत तिघांच्या सह्यांनिशी अर्ज दाखल करून पोच घेणार. शिमग्याला गावी जाईन तेव्हा फेरफाराची स्थिती स्वतः जाऊन विचारणार. आता हे कुठे अडेल? सुट्टीवर. तुम्ही म्हणाल शनिवार-रविवार जाऊन येते. पण २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा आहे, शनिवारी तलाठी भेटायचा नाही. म्हणजे शुक्रवार किंवा सोमवारची रजा. वर्षात चार तरी. त्या आत्ताच ऑफिसच्या कॅलेंडरवर टाका, मुलाच्या परीक्षा सोडून. ऑडिटचे दिवस तुम्हाला माहीत आहेत, ते टाळा.

आणि बघा, त्या चार रजांमध्ये आणखी एक ओळ बसून गेली. तुम्ही गुरुवारी रात्री कोकण रेल्वेत बसणार, पहाटे संगमेश्वर रोडला उतरणार, शुक्रवारी कचेरी, आणि मग रविवार दुपारपर्यंत आईजवळ. ‘आईला जास्त वेळ देणे’ ही ओळ जानेवारीपासून हलली नाही कारण तिला तारीख नव्हती, तिकीट नव्हतं आणि निमित्त नव्हतं. आपल्याकडे लग्न झालेल्या मुलीला माहेरी जायला निमित्त लागतं, हे वाईट आहे पण आहे. सरकारी कामाइतकं बिनतोड निमित्त दुसरं नाही. सासूबाईही काही म्हणणार नाहीत.

या मधल्या शुक्रवार ते रविवारात घर कोण बघणार, ते मिस्टरांशी आधी बोला. ‘मी नसताना काय ते बघून घ्या’ असं मोघम बोलणं टाळा. डब्याचं कोण बघणार, सासूबाईंच्या गोळ्या कोण देणार, पाणी किती वाजता भरायचं, हे नावानिशी. डोरनचं हरवलेलं अक्षर इथे वापरायचं. पहिल्या वेळी घर थोडं विस्कटेल. विस्कटू द्या. परत आल्यावर ओटा पुसताना तोंडातून शब्द काढू नका. हे मला जमायला दोन वर्षं लागली.

वजनाचं थोडक्यात. १२ किलो हा आकडा तुमच्या हातात नाही, जेवल्यानंतरची शतपावली आहे. आधी एकदा थायरॉइड आणि साखर तपासून घ्या, या वयात ते बघायलाच हवं. मग ऑफिसात दुपारचा डबा धुतला की पंधरा मिनिटं जिन्यानं खाली जाऊन चालून या. ‘डबा धुतला की चालायला’ असं एकाला एक जोडून ठेवलं की ठरवावं लागत नाही. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं या ‘अमुक झालं की तमुक’ पद्धतीवर पुष्कळ काम केलंय. नुसता इरादा करणाऱ्यांपेक्षा केव्हा-कुठे ठरवणाऱ्यांचं काम जास्त वेळा तडीला जातं, असा त्याचा निष्कर्ष. आणि २१ दिवसांत सवय लागते यावर विश्वास ठेवू नका. लंडनमध्ये ९६ जणांवर केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सवय अंगवळणी पडायला मध्यम मानानं ६६ दिवस लागले. कुणाला १८, आणि कुणाला तर २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नव्हतं. महिनाअखेरीला ऑफिसात जेवायलाच मिळत नाही ना? मग नाही चालायचं.

इंग्रजी, ध्यान, ५२ पुस्तकं, चॅनल, काश्मीर: यांना दुसऱ्या कागदावर हलवा. वर लिहा ‘आत्ता नाही’, आणि खाली पुढच्या दिवाळीची तारीख. त्या दिवशी कागद उघडायचा, आधी नाही. फेकायला सांगत नाहीये मी. तुमच्या ऑफिसात पुढच्या वर्षाचा खर्च या वर्षाच्या वहीत कुणी लिहीत नाही, तसंच हे. मला पैज लावायची तर पुढच्या दिवाळीला त्यातल्या निम्म्या ओळी वाचून तुम्हाला हसू येईल. चॅनलची तर नक्कीच.

एक ओळ मी मुद्दाम मागे ठेवली. पेटी. मी पन्नाशीत पेटी घेतली. क्लास लावला, वर्षात दहा राग हे ध्येय ठेवलं, रियाजाची वही केली, चुकलेल्या दिवसांवर लाल फुली मारायला लागले. चार महिन्यांत पेटीवर इस्त्रीचे कपडे ठेवायची पाळी आली. पुढे एक दिवस भाचीच्या मुलीनं हट्ट केला म्हणून कपडे खाली ठेवून ‘सुखकर्ता’ बडवली. दोघींनी. सूर लागला नाही आणि भाता एका बाजूनं गळत होता, पण खूप वर्षांनी त्या दिवशी मला पेटी आवडली. तेव्हा तिला चार्टवरून काढा, ‘आत्ता नाही’च्या कागदावरही लिहू नका. कुणाकडे जुनी पेटी असेल तर मागून आणा, आणि रविवारी दुपारी सगळे झोपले की काढा. मोजू नका. बेचाळिसाव्या वर्षी अकाउंट्सच्या बाईकडे न मोजायची एक तरी गोष्ट असावी.

आता चार्टचं. तो काढून टाका, सेलोटेपचे डाग घासलेटनं निघतात. त्या जागी वयांचं पान लावा आणि खाली तीनच ओळी: कर्जाचे जादा ५,०००, डबा धुतला की चालणं, डिसेंबरच्या आत अर्ज. नजर चुकवावीशी वाटली तर तीनपैकी एक कमी करा.

आजच करायचं ते एवढंच. पत्र वाचून झालं की आईला फोन लावा आणि जमिनीचा गट नंबर विचारा, किंवा सर्व्हे-हिस्सा नंबर, तुमच्याकडे जे चालतं ते. तिला तोंडपाठ नसेल. बाबांच्या ट्रंकेत शेतसाऱ्याच्या जुन्या पावत्या असतील, पिशवीत बांधलेल्या, त्यांवर काहीतरी सापडेल. ती चष्मा शोधेल, मग किल्ली शोधेल, मग पावत्या काढता काढता बाबांचं काहीतरी सांगत बसेल. फोन ठेवायची घाई करू नका. नंबर मिळाला की महाभूमीच्या साइटवरून डिजिटल सहीचा सातबारा काढा, १५ रुपये पडतात. आणि त्यावर कुणाकुणाची नावं निघतात ते मला कळवा.

तुमची,
ताई